तामारेचा आक्रोश आणि मंडळीचे वडील
(शास्त्रपाठ : २ शमुवेल १३:१–२२. सोबत वाचावे : मत्तय १८:१–२०, अनुवाद २२:२५–२९, निर्गम २२:१६–१७, प्रेषितांची कृत्ये २३:१६–२२.)

हा अध्याय आमच्या उपासनांतून क्वचितच वाचला जातो. दाविदाची गोफण, दाविदाची स्तोत्रे, दाविदाचा पश्चात्ताप ह्यांवर प्रवचने पुष्कळ होतात. परंतु त्याच दाविदाच्या घरात त्याच्या स्वतःच्या मुलीवर जो अत्याचार झाला, तेथे आले म्हणजे उपदेशक पान उलटतात. समोर बायकामुले बसलेली असतात, असे कारण सांगण्यात येते. आमचे मत उलट आहे. बायकामुले बसलेली असतात म्हणूनच हा अध्याय वाचला पाहिजे. कारण त्या बसलेल्यांत एखादी तामार नसेल असे कोणत्या पाळकास छातीस हात लावून सांगता येईल?

दाविदाचा ज्येष्ठ पुत्र अम्नोन ह्याची वाईट दृष्टी आपल्या सावत्र बहिणीवर पडली. योनादाब नावाचा त्याचा चुलतभाऊ मोठा चतुर होता. त्याने युक्ती सांगितली की, आजाराचे सोंग करावे, बाप समाचारास येईल तेव्हा बहिणीच्या हातचे खाणे मागावे. बाप आला व फसला. त्याने स्वतः निरोप धाडून मुलीस त्या घरी पाठविले. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ही मुलगी अवेळी भटकत नव्हती. बापाच्या आज्ञेने, भावाच्या घरी, आजाऱ्यासाठी पोळ्या करावयास ती गेली होती. अंगणवाडीच्या वाटेवर, नात्यातल्या घरी, शेजाऱ्याच्या ओटीवर आमची मुले जितक्या विश्वासाने जातात, तितक्याच विश्वासाने ती गेली. तिने नकार दिला, विनविले, शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. अम्नोनाने ऐकले नाही. नंतर त्यास तिचा तिटकारा आला आणि चाकराकडून तिला बाहेर घालवून त्याने दारास अडसर लावविला. मग तिने काय केले? तिने झाकपाक केली नाही. डोक्यात राख घालून, अंगावरचा राजकन्येचा झगा फाडून, मोठ्याने आक्रोश करीत ती भर रस्त्याने निघाली.

तिने सर्वांस ऐकू जाईल असे सांगितले; ऐकले मात्र कोणी नाही. सख्खा भाऊ अबशालोम ह्याने तिला गप्प राहण्यास सांगितले, कारण अपराधी घरचाच होता. दाविदास हे कळल्यावर फार राग आला, एवढेच शास्त्र सांगते. त्या रागाने त्याने पुढे काय केले हे सांगत नाही, कारण त्याने काहीच केले नाही. तामार भावाच्या घरात उजाड होऊन राहिली. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा वध केला, पुढे बापाविरुद्ध बंड केले, आणि दाविदास दोन्ही पुत्रांवर पाणी सोडावे लागले. ह्याच अबशालोमाने पुढे आपल्या मुलीचे नाव तामार ठेविले (२ शमुवेल १४:२७). त्याच्या मनातील ती आग विझली नव्हती हे त्यावरून दिसते; पण बहिणीस तिचा काय उपयोग झाला?

आता आपल्या भागाकडे वळू. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांच्या छळाविषयी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र धरून तेरा प्रांतांतील १२,४४७ मुलांशी बोलून ती तयार झाली होती. त्यांपैकी शेकडा ५३ हून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि अशांत मुलगे मुलींहून कमी नव्हते, किंचित अधिकच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे व विश्वासातले होते. अम्नोन घरचा होता, हा शास्त्राने सांगितलेला विशेष अजून खरा आहे. वाटमाऱ्याची भीती आपण मुलांस घालतो. काकाची, मावसभावाची, मुकादमाची किंवा शिक्षकाची गोष्ट काढीत नाही.

शहापूर व मुरबाड तालुक्यांची विशेष अडचण अशी की, येथील कातकरी, ठाकूर, वारली व महादेव कोळी कुटुंबांपैकी पुष्कळांचे घर वर्षभर एका जागी नसते. दिवाळी सरली की उचल घेतलेली माणसे भिवंडी, कल्याण व त्यापलीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहाटे आईबाप चिखलात उतरले म्हणजे मुले मोकळ्या माळावर अनोळखी माणसांत राहतात. जी मुले मागे गावी राहतात ती म्हाताऱ्या आजीच्या नाहीतर नातलगाच्या हवाली असतात. तानसा व भातसा ह्या धरणांचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवरच्या मुली उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब विहिरीवर एकट्या जातात. पोट आणि उचल ह्यांच्या कात्रीत सापडलेला बाप मुकादमाविरुद्ध तोंड उघडीत नाही. ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित ह्यांनी १९७९ साली विधायक संसद व १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी केली, ती ह्याच वेठबिगारीशी झगडण्यासाठी. आणि भट्टीवरच्या मुलांसाठी त्यांनी ज्या शाळा चालविल्या त्यांस भट्टीवरील विटांच्या झोपडीवरून भोंगा शाळा असे नाव पडले. वेठबिगार कायद्याने १९७६ सालीच बंद झाली आहे. तथापि २०२२ साली कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यात असे उघडकीस आले की, कातकऱ्यांची लहान मुले थोडे पैसे व एखादी मेंढी ह्यांच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबावयास दिली जात होती. त्यांपैकी एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली, तेव्हा हे जगास कळले. ज्या घरात मूल गहाण पडू शकते, त्या घरात त्या मुलाच्या अंगास कोणी हात लावल्यास ते कोणाजवळ सांगणार?

समजा, एखाद्या वाडीत बारा वर्षांची मुलगी पोटदुखीची तक्रार करू लागली. शाळेत जावयास भिऊ लागली. आईने खोदून विचारिले तेव्हा चुलत्याचे नाव निघाले. आई रडत मंडळीच्या वडिलांकडे आली. आता वडील काय करतात? आमच्या पाहण्यात साधारणतः असे होते की, चार प्रतिष्ठित बसतात, चुलत्यास बोलावितात, तो प्रथम नाकारतो, मग पाया पडतो. काही रक्कम ठरते, जेवण होते, प्रार्थना होते, आणि मुलीस सांगितले जाते की आता हे कोठे बोलू नको. मुलगी थोडी मोठी असली तर त्याच पुरुषाशी किंवा घाईघाईने दुसऱ्या कोणाशी तिचे लग्न लावून मोकळे होण्याचा विचार पुढे येतो. ह्यात वडिलांचा हेतू दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. घर फुटू नये, मंडळीचे नाव खराब होऊ नये, कोर्टकचेरीत गरीब माणूस नागवला जाऊ नये, असे त्यांस वाटते. अबशालोमासही असेच काही वाटले असेल. पण वडील आपल्या बाजूने जे शास्त्राधार पुढे करितात, ते तपासून पाहिले पाहिजेत. कारण हा निवाडा शास्त्राच्या नावाने होत असतो.

पहिला आधार मत्तय १८:१५–१७ चा : अपराधी भावाशी आधी एकांती बोलावे, मग दोघातिघांसमक्ष, मग मंडळीपुढे. परंतु हा अध्याय कोठून सुरू होतो? प्रभूने एका बालकास बोलावून मध्ये उभे केले, तेथून. मग लहानग्यांस अडखळविणाऱ्याच्या गळ्यातील जात्याच्या तळीची गोष्ट येते, मग हरवलेल्या मेंढराची, आणि त्यानंतर भावाच्या अपराधाची. ज्या अध्यायाच्या मध्यभागी मूल उभे आहे, त्याचाच आधार घेऊन मुलास बाजूस सारणे हे शास्त्राचे वाचन नव्हे. शिवाय एकांती जाऊन बोल, हे दोन प्रौढांमधील वागणुकीविषयी आहे. बारा वर्षांच्या मुलीने चुलत्याकडे एकांतात जाऊन त्याचा दोष त्याच्या पदरी घालावा, असे प्रभूस अभिप्रेत होते असे कोणी म्हणेल काय? दोघातिघा साक्षीदारांचा नियमही येथे ओढून आणतात. असली पापे साक्षीदार पाहूनच टाळली जातात. तेव्हा साक्षीदार मागणे म्हणजे अपराध्यास अभय देणे होय. अनुवाद २२:२५–२७ मध्ये नियमशास्त्र स्वतः ही अडचण ओळखते. रानात जिच्यावर बळजबरी झाली, तिने ओरडले असेल पण सोडविणारा कोणी नव्हता, असे नियमशास्त्र तिच्या बाजूने गृहीत धरते. तिच्यावर काडीचाही दोष ठेवीत नाही, आणि ह्या अपराधाची तुलना खुनाशी करते.

दुसरा आधार त्याच्या लगेच पुढच्या दोन वचनांचा, आणि तो अधिक बिकट आहे. तेथे कुमारिकेस भ्रष्ट करणाऱ्याने बापास रुपे द्यावे व तिला बायको करावे असे आहे. एखादा जुना वडील हे वचन बोट ठेवून दाखवितो, तेव्हा उपदेशकास गप्प बसण्याचे कारण नाही. त्या काळी अशा मुलीस कोणी पत्करीत नसे, तिला अन्न कोण घालील हा प्रश्न होता, आणि पुरुषाने तिला टाकून देऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात आजन्म भार अडकविला होता. निर्गम २२:१६–१७ मध्ये फूस लावून नेलेल्या मुलीविषयी अशाच नियमात बापास स्पष्ट नकाराचा हक्क दिला आहे. तेव्हा लग्न हे तेथेही अटळ नव्हते. तो इस्राएलाच्या राज्याचा दिवाणी कायदा होता. आम्ही त्यातील दगडमाराची शिक्षा अमलात आणीत नाही. मग नेमके मुलीस अपराध्याच्या घरी पाठविणारे वचन तेवढे का निवडावे?

तिसरा आधार १ करिंथकरांस ६ चा, की बंधूने बंधूवर कोर्टात जाऊ नये. तेथे पौल व्यवहारातील क्षुल्लक वादांविषयी बोलतो. अपराध्यास शासन करण्याचे काम देवाने अधिकाऱ्यांकडे दिले आहे हे त्यानेच रोमकरांस १३ मध्ये लिहिले, आणि स्वतःच्या जिवावर बेतले तेव्हा त्याने कैसराकडे दाद मागितली.

आता देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहावे. उपदेशकांनी हा भाग दोनदा वाचावा अशी आमची विनंती आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम लागू आहे. लोक त्यास पोक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, ह्यात येते. असा अपराध घडल्याचे ज्यास कळले, किंवा घडण्याची भीती ज्यास वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांस कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविल्यास एक वर्षापर्यंत. ह्यात पाळक, उपदेशक, शब्बाथशाळेचा शिक्षक ह्यांस सूट नाही. म्हणजे चार वडिलांनी बसून मिटविलेले प्रकरण हा कायद्याच्या दृष्टीने न्याय नसून दुसरा अपराध आहे. मुरबाडहून फार लांब नाही अशा बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींचे प्रकरण झाले. तक्रार नोंदविण्यास विलंब झाला, २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडविली, आणि पुढे शाळेच्या चालकांवरही वेळीच न कळविल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. ते आठवावे.

कायद्याने मुलास दिलेली संरक्षणे खेड्यांत अजून ठाऊक नाहीत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलास रात्री पोलीस ठाण्यात ठेविता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची, आईबाप किंवा मुलीच्या विश्वासाचे माणूस जवळ असताना. आणि उपचार सरकारी व खासगी दोन्ही दवाखान्यांत विनामूल्य आहेत. न्यायालयात मुलास आरोपीचे तोंड पाहावे लागू नये अशी व्यवस्था करावयाची असते. साक्ष तीस दिवसांत घ्यावी व खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळ वेळ लागतो, हे आईबापांपासून लपवून ठेवू नये. १०९८ ह्या क्रमांकावर कोठूनही पैसे न लागता दूरध्वनी करिता येतो. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून ही सेवा सुरू झाली, आता ती शासनाकडे आहे. ज्या मुलास घरी ठेवणे धोक्याचे, त्याचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती करिते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य नावाची योजना असून तिच्यातून अर्थसाहाय्य मिळू शकते.

आता संस्थेतील सेवकाचे काम. नव्या नियमांत त्यास सहाय्यक व्यक्ती असे नाव आहे, आणि बाल कल्याण समिती अशी व्यक्ती मुलासाठी नेमून देते. आमच्या मंडळ्यांतील शिकलेली काही तरुण मंडळी अशा संस्थांत नोकरी धरू लागली आहेत, ह्याचे आम्हांस समाधान वाटते. हे काम पगाराने मोठे नाही व बाहेरून दिसतही नाही. सेवक मुलाबरोबर ठाण्यात जातो, दवाखान्यात जातो, न्यायालय कसे असते ते आधी नेऊन दाखवितो, पुढील तारीख कळवितो, शाळेत नाव पुन्हा घालतो. खरे काम मात्र घरी असते. अपराधी जर कमावता बाप असला, तर तो तुरुंगात गेल्यावर चूल कशी पेटेल हा आईपुढील पहिला प्रश्न असतो. शेजारी म्हणतात, हिने नवरा आत घातला. सासू मुलीस दोष देते. तक्रार मागे घेण्यासाठी पैसे पुढे केले जातात. अशा वेळी सेवकाने आईस उपदेश करून भागत नाही. शिधापत्रिका, मजुरी, धाकट्यांचे दूध ह्यांची वाट काढावी लागते. आई ढासळली की साक्ष ढासळते. आणि आमच्या भागात आणखी एक गोष्ट घडते : साक्षीची तारीख लागते तेव्हा कुटुंब भट्टीवर गेलेले असते. समन्स बंद झोपडीच्या दारावरून परत जाते, आणि खटला बसतो. दिवाळीनंतर कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले एवढे जरी उपदेशकाने टिपून ठेविले, तरी मोठ्या वकिलाहून त्याचा अधिक उपयोग होईल.

मुलाचे म्हणणे कसे ऐकावे ह्याचा धडा प्रेषितांच्या कृत्यांत तेविसाव्या अध्यायात आहे, आणि तो एका रोमी सरदाराने घालून दिला आहे, कोण्या पाळकाने नव्हे. पौलाच्या भाच्याने, एका तरुण पोराने, मामास ठार मारण्याचा कट ऐकला. पौलाने त्यास गप्प बसविले नाही, स्वतःच निवाडाही केला नाही. त्याने त्यास अधिकाऱ्याकडे पाठविले. सरदाराने पोराचा हात धरिला, त्यास एकीकडे नेले, आणि काय सांगावयाचे आहे असे विचारिले. मध्ये तोडले नाही. तू पोर आहेस, चाळीस जणांविरुद्ध तुझे कोण ऐकणार, असे म्हटले नाही. हे कोणास सांगू नको अशी ताकीद त्याने दिली ती पोराच्या व कैद्याच्या रक्षणासाठी, आणि त्याच रात्री सैन्य हलविले. अबशालोमाचे गप्प बसविणे व ह्या सरदाराचे गप्प राहावयास सांगणे ह्यांतील फरक वर्गात उलगडून दाखवावा : एकाने गप्प बसवून काही केले नाही, दुसऱ्याने लगेच केले.

तेव्हा मूल बोलले तर शांतपणे ऐकावे, त्याचेच शब्द लिहून ठेवावे, पुन्हा पुन्हा विचारू नये. तुझा दोष नाही हे स्पष्ट सांगावे. मी कोणासही सांगणार नाही असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. तत्काळचा प्रसंग असला तर मुलास न्हाऊ घालू नये व कपडे धुऊ नयेत. ते तसेच दवाखान्यात न्यावेत. आरोपीस जाब विचारावयास आपण जाऊ नये.

बालविवाहाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण वाड्यांत हा प्रश्न ह्याच कामात गुंतलेला आहे. मुलीस अठरा व मुलास एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणाऱ्यास २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. आशीर्वाद देणारा पाळकही त्यात आला. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरविला. त्यामुळे सतरा वर्षांची पोर बाळंतपणास ग्रामीण रुग्णालयात आली म्हणजे डॉक्टरास पोलिसांस कळवावे लागते, आणि वीस वर्षांचा तिचा नवरा कोठडीत जातो. तो अम्नोन नसतो. पुष्कळदा दोघांची खुशी असते. सेवकांस सर्वांत अधिक दुःख ह्याच प्रकरणांत होते. बाळंतपणाच्या खाटेशी येऊन त्यावर उपाय नाही. तो लग्नाच्या बोलणीच्या दिवशी मंडळीच्या वडिलांच्या हाती असतो.

संस्थांविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ‘अनाथाश्रम’ किंवा ‘सेवासदन’ अशी पाटी लागली म्हणजे आत सर्व ठीक आहे असे नाही. २०१० साली आमच्या शहापूर तालुक्यातीलच कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेत मुले दगावल्याचे व अत्याचार झाल्याचे वृत्तपत्रांत आले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली व राज्यातील अशा संस्थांवर लक्ष ठेवण्यासाठी समिती नेमिली. मुंबईत कुलाब्यास रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशी माणसांनी काढिलेल्या अँकरेज नावाच्या आश्रयगृहात मुलांवरच अत्याचार होत होते; २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघा परदेशी गृहस्थांची शिक्षा कायम केली. गोऱ्या साहेबास आम्ही ख्रिस्ती लोक सहज देवमाणूस समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आपली वसतिगृहे, शब्बाथशाळा, उन्हाळी शिबिरे ह्यांतही कोणी मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहू नये, हा नियम पाळकापासून सुरू व्हावा. जो पाळक ह्यात अपमान मानतो त्याने दाविदाचा विचार करावा; त्यानेही अम्नोनावर विश्वासच ठेविला होता.

ह्या प्रांतात असे काम नवे नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढिले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन उघडिले, दुष्काळातील मुली केडगावास आणिल्या, आणि ज्या मुलींच्या देहाची विटंबना झाली होती त्यांच्यासाठी कृपासदन वेगळे ठेविले. तामारेस गप्प बसण्यास न सांगता तिला घर देणे त्यांना साधले.

प्रार्थनासभेविषयी एक सावधगिरी. अशा मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत घेऊ नये. दुसऱ्या दिवशी ते बाजारात पोचते. ‘एका घरासाठी’ एवढे म्हटले तरी देवास पत्ता ठाऊक आहे. तसेच मुलाच्या दुःखाचा उपयोग त्याच्या घरच्यांस ख्रिस्ती करण्यासाठी करू नये, किंवा पुढे त्यास साक्ष देण्यास उभे करू नये. क्षमेविषयी विचाराल, तर अपराध्याचा पश्चात्ताप खरा असल्यास तो ठाण्यात जाऊन कबूल होईल. जक्कयाने क्षमा मिळाल्यावर हिशेब बंद केला नाही, चौपट उघडिला. तो तुरुंगात असता पाळकाने त्यास भेटावे. पण मुलीस त्याच्यासमोर आणून हात मिळवावयास लावू नये. क्षमा तिच्या मनात येईल तेव्हा येईल, न आल्यास तो तिचा व देवाचा प्रश्न आहे.

न्यायालयाची तारीख मुरबाडच्या पाड्यावरील आईस एक दिवसाच्या मजुरीस पडते, शिवाय कल्याणपर्यंत दोघींचे एस. टी.चे भाडे, आणि दुपारी काही खाणे. शहापूरकडच्यांस आसनगावपर्यंत येऊन गाडी धरावी लागते. तारीख पुढे ढकलली गेली तर हे सर्व पुन्हा. मंडळीच्या गरिबांच्या पेटीतून हा खर्च द्यावा, आणि तारखेच्या दिवशी एक शहाणी बाई बरोबर पाठवावी, जी बोलणार नाही, नुसती शेजारी बसेल.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : ह्या अध्यायातील पाच पुरुषांपैकी चाकराचा दोष किती? दाविदास राग आला, मग त्याने काय करावयास हवे होते? अनुवाद २२:२७ मध्ये मुलीच्या ओरडण्याविषयी काय गृहीत धरिले आहे? आपल्या वाडीस जवळचे ठाणे कोणते, शहापूर, कसारा, वाशिंद, किन्हवली, मुरबाड की टोकावडे? तेथे रात्री जावे लागल्यास गाडी कोणाची मिळेल? गावच्या बाल संरक्षण समितीत कोण आहे? आणि येत्या दिवाळीनंतर मंडळीतील कोणती कुटुंबे भट्टीवर जाणार आहेत, त्यांची मुले कोणाजवळ राहणार आहेत?